दिनविशेष : २८ सप्टेंबर – ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ अवकाशात

२०१५ साली आजच्या दिवशी पीएसएलव्ही-सी३० या प्रक्षेपकाने श्रीहरिकोट्याहून ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ ही भारताची अवकाश वेधशाळा सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर नेऊन सोडली. तिच्या उपकरणांत मुंबईच्या टीआयएफआर आणि पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थांचा मोठा वाटा. तिने ग्रहीय तेजोमेघांचाही वेध घेतला. मरणपंथाला लागलेले तारे आपले बाहेरचे वायू उधळून देतात, तेच हे तेजोमेघ. त्यांचे दूर-अतिनील किरण वातावरणातच अडतात. दुर्बीण वरच हवी. वृश्चिकेतल्या ‘फुलपाखरू’ तेजोमेघाचा, म्हणजे एनजीसी ६३०२ चा पसारा दृश्य प्रकाशात दिसतो त्याहून बराच मोठा असल्याचे २०१८ मध्ये उघड झाले, ते ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’च्या अतिनील दुर्बिणीमुळेच. वर्धेकर हौशी निरीक्षकांनी जूनच्या रात्री दक्षिणेला विंचवाची नांगी गाठावी आणि जरा पश्चिमेला सरकावे. तेजोमेघ छोट्या दुर्बिणीतूनही सापडतो. त्याचे अतिनील पंख मात्र दिसत नाहीत.