दाताच्या टोपीची कुळकथा

मोडलेले हाड सांधते, चिरलेली त्वचा भरून येते. परंतु दाताचे कठीण कवच एकदा किडले वा तडकले, म्हणजे देह ते पुनश्च घडवीत नाही, कारण ते घडविणाऱ्या पेशी दात उगवतानाच लोप पावतात. त्यामुळे भंगलेल्या दाताला बाहेरूनच आधार द्यावा लागतो, आणि ज्याला आपण ‘कॅप’ वा ‘क्राउन’ म्हणतो त्या टोपीचा जन्म याच निरुपायातून झाला.

इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमारास मध्य इटलीतील इट्रस्कन लोक सोन्याच्या पट्टीने दात एकमेकांस जखडीत. पण ती पट्टी म्हणजे टोपी नव्हे. पॅरिसच्या प्येर फोशार याने 1728 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुळामध्ये खुंटी रोवून तिच्यावर कृत्रिम दात बसविण्याची रीत विशद केली, आणि 1746 साली क्लोद मूतों याने सोन्याच्या पत्र्याची दातावर घालावयाची टोपी वर्णिली. समोरच्या दातांसाठी तिच्यावर मीनाकारी करावी, असेही त्याने सुचविले.

पुढे अमेरिकेत कॅसियस रिचमंड याच्या टोपीचा 1880 च्या सुमारास बोलबाला झाला. मुळाभोवती सोन्याचे कडे, आत खुंटी आणि दर्शनी बाजूस चिनी मातीचा मुखवटा अशी तिची रचना होती. अशा टोप्यांच्या एकस्वांचा मक्ता हाती घेतलेल्या कंपनीने दंतवैद्यांकडून परवान्याची रक्कम वसूल करण्याचा तगादा लावला, तेव्हा शिकागोच्या जे. एन. क्राउझ यांनी 1888 साली संरक्षक संघ स्थापून तिच्याशी कज्जा मांडला. परंतु या टोपीचा खरा दोष व्यवहारात नव्हता, विधीत होता: ती बसविण्यासाठी दाताचा उरलेला माथा छाटून टाकावा लागे आणि नसही मारावी लागे.

या छाटणीस ज्याने कळकळीने विरोध केला, तो डेट्रॉइटचा चार्ल्स लँड या कुळकथेचा खरा नायक होय. प्लॅटिनम 1768 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे चिनी माती भाजली जाईल एवढ्या आचेतही ते टिकून राहते, हे जाणून त्याने दातावर प्लॅटिनमचा अतिपातळ वर्ख दाबून हुबेहूब साचा घेतला, त्यावर माती चढवून ती भट्टीत भाजली, मग वर्ख सोलून काढला. आणि दाताची केवळ बाह्य कड कोरून, नस जिवंत ठेवून, चिनी मातीच्या ज्या अंगरख्यासारख्या टोप्या 1903 च्या सुमारास प्रचारात आणले, त्यांनी टोपीचा हेतूच पालटला. जे उरले आहे ते छाटण्याऐवजी राखावे, हा विचार येथे कृतीत उतरला.

लँडची टोपी देखणी होती, पण ठिसूळ होती. बळकटीसाठी सोनेच हवे होते, आणि शिकागोच्या विल्यम टॅगर्ट याने 1907 साली मेणाचा नमुना घडवून, तो मातीत पुरून, मेण जाळून, त्या पोकळीत वितळलेले सोने वायूच्या दाबाने भरण्याची कृती दाखविली. सोने थिजताना सुमारे दीड टक्का आकसते. तेवढेच फुगणारी माती सिद्ध झाली, तेव्हा कुठे टोपीची कड दातास नेमकी भिडू लागली. बळ आणि रूप यांचा संयोग 1962 साली नोंदलेल्या अमेरिकन एकस्वांनी साधला: धातू आणि चिनी माती तापून निवताना सारख्याच प्रमाणात आकसावीत, अशी मातीची घडण ठरविण्यात आली, म्हणून तिला तडे जाईनासे झाले. अलीकडच्या झिर्कोनिया या भक्कम सिरॅमिकने धातूचीही गरज पुष्कळशी संपविली आहे.

आजही टोपी बसविताना दाताच्या भोवतालचा एक ते दीड मिलिमीटर भाग कोरावा लागतो. म्हणून जेथे साधी चांदी वा भरणी पुरेल तेथे टोपी घालणे अन्याय्य, आणि रूट कॅनालनंतर पोकळ झालेली दाढ उघडी ठेवणे तितकेच अनुचित, कारण चावण्याच्या भाराखाली ती मुळापर्यंत दुभंगू शकते. टोपी स्वतः किडत नाही. तिच्या कडेखालचा दात मात्र किडतो. म्हणून ज्याला टोपी लाभली त्याने हिरडीलगतची कड रोज निगुतीने स्वच्छ ठेवावी, कारण सुमारे तीन शतकांच्या कारागिरीने ज्याचे रक्षण केले, तो आतला दातच खरे धन आहे.