नवाब अली नवाज जंग आणि आपल्या घरातील इंजिनिअर आजोबा



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी बांधकाम किंवा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले दादा अथवा नाना असतील. कोणी ओव्हरसियर होते, कोणी डेप्युटी इंजिनिअर. घरात सर्वांना त्यांचा लळा असतो. परंतु त्यांनी आयुष्यभर नेमके काय केले, असे विचारले तर नातवंडांना चार वाक्येही सांगता येत नाहीत. कोनशिलेवर उद्घाटकाचे नाव राहते, उन्हातान्हात मोजणी करणाऱ्याचे राहत नाही. हे नुकसान केवळ त्या कुटुंबाचे नसून साऱ्या समाजाचे आहे. ते कसे, हे समजण्यासाठी एका थोर अभियंत्याचे चरित्र पाहू.

नवाब अली नवाज जंग यांचा जन्म १८७७ साली हैदराबादेत झाला. मूळ नाव मीर अहमद अली. संस्थानची शिष्यवृत्ती मिळवून ते इंग्लंडमधील कूपर्स हिल येथील इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले आणि परत येऊन संस्थानच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. मराठवाडाही त्या काळी याच संस्थानात होता.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि हैदराबाद शहरात हजारो माणसे बुडाली. पुराची कारणे शोधण्यासाठी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी प्रथम पावसाच्या नोंदी गोळा केल्या आणि तलाव मोजले. मुसीच्या खोऱ्यात शहराच्या वरच्या बाजूस ७८८ तलाव होते. त्यांपैकी २२१ फुटले होते. या हिशेबावरून शहराच्या वर दोन मोठे जलाशय बांधावेत, अशी योजना त्यांनी सुचविली. ती प्रत्यक्षात उतरविण्यात अली नवाज जंग यांचा मोठा वाटा होता. मुसीवरील उस्मान सागर १९२० साली पुरा झाला, तर इसी नदीवरील हिमायत सागर १९२७ साली. पूर अडविणे आणि शहराला पिण्याचे पाणी देणे, ही दोन्ही कामे या जलाशयांनी केली.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे मांजरा नदीवरील निजाम सागर. १९२३ साली सुरू झालेले हे धरण १९३१ साली पूर्ण झाले. सुमारे २ लाख ७५ हजार एकर जमीन भिजविण्याची ही योजना होती. ही मांजरा उगम पावते आपल्या बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. तिच्याच काठच्या लातूर जिल्ह्यात २०१६ साली पाण्याचा असा दुष्काळ पडला की लातूर शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले. नदीचा हिशेब ठेवणे किती निकडीचे आहे, हे यावरून ध्यानात येईल.

निजाम सागरची पुढची हकीकतही सांगितली पाहिजे. बांधताना धरलेल्या अंदाजाच्या कितीतरी पट गाळ त्यात येऊन साचला आणि चार-पाच दशकांत निम्म्याहून अधिक साठवण गेली. म्हणून दोष देण्याचे कारण नाही. नदी किती माती वाहून आणते हे एका माणसाच्या हयातीत पुरते कळत नाही. एका पिढीने पाहिलेले दुसरीने पडताळावे लागते, आणि त्यासाठी पहिल्या पिढीने पाहिलेले दुसरीच्या हाती पडावे लागते.

स्वतः नवाबसाहेबांचा अनुभव देशाच्या उपयोगी पडला. १९३८ साली पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली गेली. तिच्या नद्या व जलसिंचनविषयक उपसमितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. १९४९ साली ते पैगंबरवासी झाले. तेलंगण राज्यात ११ जुलै हा त्यांचा जन्मदिवस अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

मोठ्या माणसाचे अनुभव अहवालांत उतरतात. आपल्या आजोबांचे कोण उतरविणार? कोणत्या साली ओढ्याला किती पाणी आले, कोणता बंधारा कशामुळे फुटला, कोणत्या गावची जमीन पाणी धरत नाही, हे त्यांना तोंडपाठ असते. कागदावर बहुधा नसते, आणि असलेच तर बदल्यांच्या धावपळीत गहाळ झालेले असते.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुट्टीत एक काम करा. दादांजवळ किंवा नानांजवळ रोज अर्धा तास बसा. कामाचे गाव, साल, नदी आणि आलेली अडचण, एवढे तरी विचारून वहीत उतरवा. ते घरी उर्दूत किंवा दखनीत बोलत असतील तर त्यांचेच शब्द ठेवा. पालकांनी त्या वहीची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात द्यावी. उद्या तुमच्यापैकी कोणी इंजिनिअर होऊन त्याच नदीवर काम करू लागला, तर त्याच्या हाताशी आजोबांचे चाळीस वर्षांचे निरीक्षण असेल. वडीलधारी मंडळी आहेत तोवरच हे होण्यासारखे आहे.