वाचताना मूल अडखळते तेव्हा: भीती आणि वाचन

“घरी नीट वाचतो, पण वर्गात उभं केलं की सगळं विसरतो,” ही तक्रार दवाखान्यात नेहमी ऐकू येते. मुलाचा हा आळस नसतो.

नवे वाचायला शिकणारे मूल अक्षर ओळखते, त्याचा आवाज आठवते, काना-मात्रा लावते आणि शब्द संपेपर्यंत आधीचे आवाज लक्षात ठेवते. मराठीत तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी दिसते आणि उच्चारताना नंतर येते; त्यात जोडाक्षरे. हे सगळे मेंदूच्या ‘कार्यकारी स्मृती’त चालते. थोडा वेळ गोष्टी धरून ठेवणारी ही जागा मुळातच लहान. ‘चुकलो तर हसतील’ हा विचार तीच जागा अडवतो. मग ‘किल्ला’मधल्या ‘ल्ला’पर्यंत पोचेतो ‘कि’ निसटते.

तिसरी-चौथीपर्यंत सराव झाला की अक्षरांचे कष्ट कमी होतात आणि लक्ष अर्थाकडे वळते. ज्यांचे तसे होत नाही ती मुले वाचन टाळतात, सराव आणखी घटतो. किशोरवयात हेच मूल “वाचायला कंटाळा येतो” म्हणते. आत बहुधा लाज असते. शाळेच्या सकाळी दुखणारे आणि रविवारी न दुखणारे पोट हे ढोंग नव्हे, ते खरेच दुखते. मात्र वजन घटत असेल, उलट्या होत असतील किंवा दुखण्याने रात्री जाग येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

सगळेच भीतीवर ढकलू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. बुद्धी चांगली, शिकवणे नीट, तरी वाचन मागेच राहत असेल तर डिस्लेक्सिया असू शकतो. तिथे अडचण आधी येते आणि भीती मागाहून. याचे पक्के निदान साधारण आठव्या वर्षानंतर होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. म्हणून दुसरी शिकवणी लावण्याआधी तपासणी करा.

घरी रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. एक वाक्य तुम्ही वाचा, तेच मग मुलाला वाचू द्या. अडले तर शब्द सांगून पुढे चला. पुस्तक एक इयत्ता खालचे असले तरी चालेल. पाहुण्यांसमोर मात्र वाचायला लावू नका.