तीन पर्वतांच्या पायथ्याचे ग्रनोबल

वाचकहो, फ्रान्स म्हटले की आपणांस पॅरिस आठवते, आणि फार तर तेथला आयफेल मनोरा. परंतु त्या देशाच्या आग्नेयेस, आल्प्सच्या पायथ्याशी, ग्रनोबल नावाचे एक प्राचीन शहर आहे. त्याची ओळख आपणांस, विशेषतः शिक्षकांना, असावयास हवी.

शार्त्रझ, व्हेरकोर आणि बेलदोन ह्या तीन पर्वतसमूहांच्या मध्ये, इझेर व द्राक ह्या नद्यांच्या संगमापाशी ते वसले आहे. भोवती एवढी शिखरे, पण शहर मात्र तळहातासारखे सपाट! नदीपलीकडील डोंगरावर बास्तीय हा किल्ला आहे. १९३४ पासून तेथे तारेवरचे पाळणे जातात. हातमोज्यांचा धंदा, १९६८ चे हिवाळी ऑलिंपिक, ही त्याची आणखी काही भूषणे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या आदल्या वर्षी, ७ जून १७८८ रोजी, येथील नागरिकांनी छपरांवर चढून राजाच्या सैन्यावर कौलांचा मारा केला होता. गावचे लोक मुळातच ताठ मानेचे.

पण मला सांगावयाचे आहे ते निराळेच. १८०१ मध्ये फिजाक गावच्या एका पुस्तकविक्रेत्याचा दहा वर्षांचा मुलगा आपल्या थोरल्या भावाकडे येथे शिकावयास आला. त्याचे नाव झाँ-फ्रांस्वा शांपोल्याँ. भावाने पदरमोड करून त्याला शिकविले. जिल्ह्याचा कारभार तेव्हा फूरिए ह्या थोर गणितज्ञाकडे होता. नेपोलियनबरोबर तो इजिप्तला जाऊन आलेला. इजिप्तवरील मोठ्या ग्रंथाच्या कामी थोरला भाऊ त्याला साहाय्य करी. त्यामुळे तो देश धाकट्याच्या मनात लहानपणीच घर करून बसला. लॅटिन-ग्रीक तर होतेच. शिवाय हिब्रू, अरबी आणि इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांची कॉप्टिक ह्या भाषा त्याने जीव ओतून अभ्यासल्या. वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी तो ग्रनोबलच्या विद्यापीठात इतिहासाचा अध्यापक नेमला गेला!

पुढे दिवस फिरले. मार्च १८१५ मध्ये एल्बा बेटावरून परतलेल्या नेपोलियनचे ग्रनोबलने स्वागत केले. दोघा भावांनीही त्याचीच बाजू घेतली. राजसत्ता परत येताच त्यांच्या नोकऱ्या गेल्या, आणि १८१६ मध्ये दोघांना हद्दपार करून फिजाकला धाडले. तरी शांपोल्याँ स्वस्थ बसला नाही. थोरल्या विद्यार्थ्यांनी धाकट्यांना शिकवावे, ह्या नव्या पद्धतीच्या शाळांसाठी तो झटला. ह्या पद्धतीचा एक उगम आपल्या मद्रासेत आहे, हे किती जणांस ठाऊक असेल?

१८२१ मध्ये तो पॅरिसला गेला. रोझेटा शिळेवर इंग्रज पंडित यंग ह्याने आधी काही काम केले होते, हे न्यायाने सांगितलेच पाहिजे. परंतु ही चित्रलिपी ध्वनी आणि अर्थ दोन्ही दाखविते, हे कोडे उलगडले शांपोल्याँने. कॉप्टिक ही प्राचीन इजिप्शियनचीच लेक. लहानपणी घोकलेली ती भाषा येथे कामास आली. २७ सप्टेंबर १८२२ रोजी त्याने आपला शोध विद्वानांपुढे वाचला. दीड हजार वर्षे मुकी झालेली लिपी बोलू लागली.

१८३२ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. ग्रनोबलजवळील व्हीफ गावातले त्याच्या भावाचे घर २०२१ पासून संग्रहालय म्हणून लोकांस खुले आहे.