तेल, पाणी आणि फणी

आमच्या जिल्ह्याचा इतिहास सांगायचा म्हटलं की माणसं तेरपासून सुरू करतात, नळदुर्गच्या किल्ल्यावर येतात, मग रझाकार, १९४८ ची पोलीस ॲक्शन, १९७२ चा दुष्काळ, १९९३ चा भूकंप, आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं तिथं येऊन थांबतात. हे सगळं खरंच आहे. पण ह्या सगळ्या काळात बायांनी डोकं कशानं धुतलं, तेल कुठून आणलं, फणी कधी फिरवली, हे कुणी लिहिलं नाही. मला ते लिहावं वाटतं. कारण त्यात पाण्याचा, पिकाचा आणि बाईच्या वेळेचा हिशोब आहे. तो हिशोब बिघडला की बाईच्या डोक्याचं काय होतं, ते मी जवळून पाहिलंय.

आमचं गाव बालाघाटच्या माथ्यावरचं. पावसाळा सरला की विहिरीचं पाणी खाली खाली जायचं. माझ्या लहानपणी पोहऱ्यानं पाणी शेंदायचं आणि डोक्यावर वाहून आणायचं. डोक्यावरून न्हाणं आठ दिवसाला एकदा, आणि तेही दोन घागरीत. त्या दोन घागरीत लांब केसं निघायची, कारण माय आधी तेल लावून ठेवायची आणि धुवायच्या आधी फणी फिरवून घ्यायची. गुंता सुटलेल्या केसाला पाणी कमी लागतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

शिकेकाई आठवडी बाजारातून विकत आणायची, म्हणून ती दिवाळीला आणि बाळंतिणीला. बाकी वर्षभर जे शिवारात सापडेल ते. बांधावर हिंगणाची काटेरी झाडं असायची. त्याचं फळ भिजवून चोळलं की फेस येतो. त्यानं लुगडी धुवायची आणि डोकंही. कधी ओढ्याकाठची गाळाची काळी माती भिजवून लावायची, कधी आंबट ताक. काही घरात राखेची निवळी वापरायचे. त्यानं मळ निघायचा, पण केसं वाळल्या कडब्यासारखी व्हायची, कारण राखेत खार असतो. म्हणून माझी आजी म्हणायची, राखेनं भांडी घासावी, डोकं नाही.

तेल करडीचं. रब्बीच्या ज्वारीला कडेनं करडीच्या ओळी असायच्या. करडी काटेरी, त्यामुळं ढोरं पिकात शिरायची नाहीत, आणि घरात वर्षाचं तेलही यायचं. गावात तेल्याचा बैलघाणा होता. करडी घेऊन जायची, तेल आणि पेंड घेऊन यायची. कालवणाला तेच, दिव्याला तेच, डोक्याला तेच. खोबरेल तेल दुकानातून छोट्या बाटलीत यायचं, पोरींच्या लग्नाच्या वयात. २००३ साली छापून आलेलं एक संशोधन सांगतं की खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं, सूर्यफुलाचं तेल तसं करत नाही. पण करडीच्या तेलानंही केसाला वरून थर बसतो, केस निसरडा होतो, आतली ओल लवकर उडत नाही. आमच्या उन्हाला आणि वाऱ्याला तेवढं पुरायचं.

केसं बांधणं हा त्या काळी नुसता नटण्याचा प्रकार नव्हता. खुरपताना, ज्वारी काढताना, खळ्यावर उफणताना धूळ आणि भुसा डोक्यात जातो. म्हणून तिपेडी वेणी घालायची, तिचा बुचडा करायचा, वरून पदर किंवा फडकं. पोरींच्या वेणीला आगवळ बांधायचा, म्हणजे सुताची दोरी, त्यानं टोकं फाटत नाहीत. वेणी लई आवळून घातली की आजी रागवायची, कपाळावरची केसं मागं सरकतात म्हणायची. हंडे आणि भारे वाहून टाळूवरची केसं तशीच विरळ होतात, म्हणून डोक्यावर मऊ कापडाची चुंबळ. रात्री केसं मोकळी सोडून झोपू नये, भूत लागतं, अशी भीती घालायच्या. भुताचं मला ठाऊक नाही, पण सैल वेणी घालून झोपलं की सकाळी गुंता होत नाही, हे ज्याला केसं आहेत त्याला कळतं.

उन्हाळ्यात दुपारी ओसरीवर बाया एकीमागं एक बसायच्या. मागची पुढचीची फणी करायची. उवा बारीक दाताच्या लाकडी फणीनं निघायच्या. सुया, दाभण, बिबे विकणाऱ्या बाया यायच्या, त्यांच्याकडून फणी घ्यायची, बदल्यात पायलीभर ज्वारी. उवांवर काहीजणी सीताफळाच्या बियांची पूड लावायच्या, कारण आमच्या डोंगरात सीताफळ फुकट. हा उपाय आता कुणी करू नये. ती पूड डोळ्यात गेली की डोळ्याला जखम होते, नजर जाऊ शकते. रॉकेलही तसलंच, त्यानं कातडी भाजते. तेल आणि बारीक फणी, एवढंच खरं, पण त्याला रोजचा वेळ लागतो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. करडी पिकलीच नाही, घाणा बंद पडला. विहिरी आटल्या. माणसं दुष्काळी कामावर, खडी फोडायला, तलावाची माती टाकायला. खायला मिलो आणि लेकरांना सुकडी. मी अकरा वर्षांची होते. प्यायच्या पाण्याला मैलभर जावं लागायचं, तिथं डोकं कोण धुतंय? बाया दिवसभर खडीच्या धुळीत, घामात. घरी आल्यावर हात उचलायची ताकद नसायची. ओसरीवरची ती ओळच मोडली.

माझी एक चुलत चुलती होती, आम्ही तिला काकू म्हणायचो. केसं दाट आणि कुरळी. त्याच वर्षी तिला मुलगी झाली. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी बाईची केसं एरवीपेक्षा जास्त गळतात. त्यात काकू तापानं दीड महिना अंथरुणाला खिळली. ना तेल, ना पाणी, ना फणी. उठून बसली तेव्हा मानेवर मुठीएवढा गोळा झाला होता. त्या वेळी एक तासभर कुणी तेल घेऊन बसलं असतं तर तो सुटला असता. पण घरच्यांनी जाणत्या बाईला बोलावलं. तिनं सांगितलं, ही देवीची जट आहे, हात लावाल तर घर बसंल. गोळ्याला हळद-कुंकू लावलं, काकूच्या हातात परडी दिली आणि फणी कायमची बंद झाली.

पुढं ती जट दोरखंडासारखी कंबरेपर्यंत गेली. ओली झाली की दोन दिवस वाळायची नाही, म्हणून धुणंही टाळायचे. आत उवा, खाज, टाळूला फोड. मान एका बाजूला ओढलेली. झोपताना ती जट उशाशी वेगळी ठेवून झोपायची. पण एक गोष्ट लिहिली पाहिजे. जट आल्यापासून काकूची सासू तिच्या अंगावर हात टाकायची बंद झाली. मंगळवारी, शुक्रवारी लोक पाया पडायला यायचे. येरमाळ्याच्या चैत्री यात्रेला आराधी बायांमध्ये तिला मान होता. सासरी जे माणूस म्हणून मिळालं नाही ते जटेमुळं मिळालं. म्हणूनच असल्या जटा नुसत्या कात्रीनं सुटत नाहीत. बाईला दुसरीकडून मान मिळावा लागतो.

बारा वर्षांनी, म्हणजे १९८४ च्या सुमाराला, काकूच्या त्या मुलीला मुदतीचा ताप आला. तिचीही केसं आईसारखीच कुरळी. तापातून उठली तर मानेवर गोळा. घरात बोलणं सुरू झालं की देवी आता लेकीवर उतरली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी काकू पोरीला घेऊन माझ्या मायकडं आली. हातात तेलाची वाटी. म्हणाली, "आक्का, माझं झालं ते झालं. हिचं बघा."

माय आणि मी तीन दुपारी बसलो. पहिल्या दिवशी नुसतं तेल जिरवलं. दुसऱ्या दिवसापासून बोटांनी टोकाकडून सोडवत वर गेलो, मुळाकडून ओढलं नाही. मधे अडलं की दाभणानं एकेक केस मोकळा केला. चार बोटांचा एक तुकडा सुटलाच नाही, तो कापला. काकू उंबऱ्यात बसून बघत होती. तुकडा कापताना तिनं डोळे मिटले, पण नको म्हणाली नाही. पोरीला काही झालं नाही. तिला आज नातवंडं आहेत. काकूनं मात्र स्वतःची जट कधी कापू दिली नाही. ती तिच्यासोबतच गेली.

जट कशी होते त्यात गूढ काही नाही. चांगल्या डोक्यातूनही रोज पन्नास ते शंभर केसं गळतात. फणी केली की ती गुंतवळ होऊन बाहेर येतात. फणी नाही केली की ती आतच उरलेल्या केसांत अडकतात. त्यावर घाम, धूळ, जुनं तेल बसतं आणि घोंगडीच्या लोकरीसारखं सगळं एकजीव होतं. कुरळ्या केसांत हे लवकर होतं, कारण टाळूचं तेल वळणावळणातून टोकापर्यंत उतरत नाही, टोकं कोरडी राहतात आणि एकमेकांत अडकतात. केसाला रक्त नाही, त्यामुळं जट कापली की रक्त येतं हे खोटं आहे. आणि देवीच्या कोपाचं म्हणाल तर आम्ही आमच्या लेकरांचं जावळ तुळजापूरला भवानीपुढंच काढतो. लेकराचे केस कापलेले जिला चालतात, तिला आईचे कापलेले का चालणार नाहीत?

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बरीच वर्षं जटा सोडवायचं काम करतात. पुण्याच्या नंदिनी जाधव एकेकाळी ब्यूटी पार्लर चालवायच्या. त्यांनी शेकडो बायांच्या जटा काढल्या आहेत. आधी घरच्यांशी बोलणं, बाईची भीती घालवणं, मग कात्री, असं ते काम चालतं. बाईच्या केसांवर दुसऱ्यांनी हक्क सांगायची ही रीत जुनीच आहे. काही जातींत विधवेचं डोकं भादरायचे. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं १८९० साली मुंबईत नाभिक जमले आणि विधवेच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं. एकीकडं जबरदस्तीनं कापायचं, दुसरीकडं जबरदस्तीनं कापू द्यायचं नाही. दोन्हीकडं डोकं बाईचं आणि हुकूम दुसऱ्याचा.

आता गावात नळ आहे, पण उन्हाळ्यात टँकरची वाट बघावीच लागते. सोयाबीन आलं आणि करडी शिवारातून गेली. घाणाही गेला. शाम्पूची रुपयाची पुडी किराणा दुकानात लटकते. गुंतवळ आधी आम्ही भिंतीच्या फटीत खोचायचो, आता केसं घेणारे गल्लीत येतात आणि त्यावर फुगे, भांडी देतात. माझ्या नातीची केसं कुरळी आहेत. शाळेत पोरं झिपरी म्हणतात, म्हणून तिला पार्लरात जाऊन सरळ करून घ्यायची होती. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनाही केसांवरून असंच ऐकावं लागायचं, शाळेत आणि नोकरीत अडवायचे. शेवटी कॅलिफोर्निया राज्यानं २०१९ साली त्याविरुद्ध कायदा केला. हे मला नातीनंच मोबाईलवर दाखवलं. तिथल्या बायाही तेल लावतात, ओल धरून ठेवतात, वेण्या घालून केसं जपतात. मी तिला म्हटलं, मग आपल्या ओसरीवर वेगळं काय चालायचं?

तिला मी जे सांगितलं तेच इथं लिहिते. कुरळी केसं कोरडी विंचरू नयेत. थोडं पाणी शिंपडावं, त्यावर चार थेंब तेल, मग रुंद दाताच्या कंगव्यानं टोकाकडून सुरू करून वर जावं. शाम्पू टाळूला चोळावा, टोकांना नाही. धुतलेली केसं टॉवेलनं खसाखसा पुसू नयेत, जुन्या सुती लुगड्यात दाबून पाणी टिपावं. झोपताना सैल वेणी. शेतात जाताना फडकं.

कळंब, वाशी, भूम भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तिथल्या बाया पहाटेपासून फडात, डोक्यात पाचटाचा कचरा, डोक्यावर मोळी, कोपीवर पाण्याची बोंब. बहात्तर साली काकूचं जे झालं ते आज व्हायला तेवढंच कारण पुरेसं आहे. ट्रॅक्टरमध्ये भांडी, गोधड्या भरताना तेलाची एक बाटली आणि एक कंगवा भरावा. आठवड्यातून एक दुपार दोघींनी एकमेकींच्या मागं बसावं. कुणाच्या पोरीच्या मानेवर गोळा दिसला तर देवऋष्याकडं जाऊ नये, थांबूही नये. त्याच दिवशी तेल लावावं, शेजारणीला हाक मारावी आणि टोकाकडून सोडवायला बसावं.