संथ लाट आणि लांब फळी

नऊ फूट किंवा त्याहून अधिक लांबीच्या लाँगबोर्डचा इतिहास ओआहू बेटावरच्या वाइकीकी किनाऱ्याशी बांधलेला आहे. दक्षिण गोलार्धातल्या हिवाळी वादळांनी उठवलेली लाट हजारो किलोमीटर चालून ऐन उन्हाळ्यात इथे पोहोचते आणि दूरवर पसरलेल्या उथळ प्रवाळखडकांवर चढताना आपला बराचसा जोर गमावते. ती एकदम कोसळत नाही. माथ्यावरचा फेस हळूहळू पुढे ओघळत राहतो आणि लाट शेकडो मीटर तशीच किनाऱ्याकडे सरकत जाते. अशा लाटेवर उभे राहायचे, तर ती फुटण्याआधीच तिच्या वेगाशी वेग जुळवावा लागतो. फळीचे लाकूड, वजन, आकार हे सगळे पुढे बदलत गेले; ही गरज मात्र तशीच राहिली.

यामागचे गणित साधे आहे. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो, आणि लाट साधारणपणे स्वतःच्या उंचीच्या सव्वापट खोलीवर फुटते. त्यामुळे मांडीभर उंचीची लाट ताशी दहा किलोमीटरच्या आसपास चालते, तर दोन मीटरची लाट अठराच्या आसपास. ऊर्जा तर उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे उंची निम्मी झाली की ऊर्जा चौथाई उरते. उतारही सौम्य. सहा फुटी आखूड फळीचे आकारमान साधारण पंचवीस ते पस्तीस लिटर असते. मोठ्या माणसाच्या भाराने ती पाण्याखाली दबते आणि तिला वर उचलून धरण्याइतका वेग या लाटेत नसतो. लांब फळी साठ ते ऐंशी लिटरची असते. ती माणसाला पाण्याच्या वर ठेवते आणि तिचा रुंद, सपाट तळ कमी वेगातही पाण्यावर घसरू लागतो.

जुन्या हवाईत हे ज्ञान फळीच्या प्रकारांतच होते. अलाया ही पातळ, मध्यम लांबीची फळी सर्वसामान्यांची. ती कोआच्या किंवा नीरफणसाच्या लाकडाची असे. कोआ हे बाभळीच्या कुळातले झाड. अलाया उभ्या चढाच्या, वेगवान लाटेवर चाले. ओलो ही सरदार-राजांची फळी अठरा-वीस फुटांपर्यंत लांब असे आणि तिच्यासाठी विलीविलीचे लाकूड पसंत केले जाई. कोकणातला पांगारा याच झाडाच्या वंशातला आणि तसाच हलक्या लाकडाचा. तरीही ओलो एकट्याने उचलणे कठीण होते. न फुटलेल्या, नुसत्या फुगवट्याच्या लाटेवरही ती चालू लागे, यातच तिची खरी किंमत होती.

1820 साली अमेरिकन मिशनरी हवाईत आले. बाहेरून आलेल्या रोगांनी लोकसंख्या आधीपासूनच झपाट्याने घटत होती, जुनी समाजरचनाही मोडत होती. लाटांवरचा खेळ पूर्ण संपला नाही, पण ओलो घडवणारे हात जवळपास नाहीसे झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खेळाने पुन्हा उचल घेतली ती वाइकीकीलाच. 1908 मध्ये आउटरिगर कनू क्लब सुरू झाला आणि 1911 मध्ये स्थानिक हवाई तरुणांचा हुई नालू. हुई नालूचा ड्यूक काहानामोकू 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आला. पोहण्याच्या प्रात्यक्षिकांसाठी 1914 च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात गेला असता त्याने तिथेच मिळालेल्या लाकडाची फळी घडवली आणि सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर ती चालवून दाखवली. ती फळी आजही तिथल्या क्लबने जपून ठेवली आहे.

या काळातल्या अखंड लाकडी फळ्या चाळीस-पन्नास किलोंच्या असत. वजन कमी करण्याचा निर्णायक प्रयत्न टॉम ब्लेकने केला. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात पाकी या सरदाराच्या जुन्या ओलो फळ्या पडून होत्या. 1920 च्या दशकात ब्लेकने त्या दुरुस्त केल्या, त्यांच्या नकला केल्या आणि वजन घटवण्यासाठी लाकडात शेकडो छिद्रे पाडून वरून पातळ लाकूड बसवले. त्यातूनच आतून पोकळ, फासळ्यांच्या सांगाड्यावर उभारलेली फळी निघाली; तिचे पेटंट त्याला 1932 मध्ये मिळाले. विस्मरणात गेलेल्या ओलोची लांबी अशा रीतीने आधुनिक फळीत परतली. 1935 मध्ये ब्लेकने फळीच्या तळाला मागच्या बाजूस एक उभे पाते, म्हणजे फिन, बसवली. त्याआधी लांब फळी वळवायची तर पाण्यात पाय घालून ओढावी लागे. फिनमुळे शेपूट आडवे घसरणे थांबले, आणि लांबी व ताबा यांचे जुने भांडण बऱ्याच अंशी मिटले.

त्याच दशकात वाइकीकीच्याच काही तरुणांनी उलट दिशेने वाट काढली. उभ्या, मोठ्या लाटेवर रुंद शेपटीची फळी घसरते म्हणून त्यांनी कुऱ्हाडीने शेपूट निमुळते केले. मोठ्या लाटेला अरुंद शेपूट आणि मंद लाटेला रुंद, हा भेद तेव्हापासून पक्का झाला.

लाँगबोर्डला आजचे रूप मिळाले ते कॅलिफोर्नियातल्या मालिबूला. खाडीच्या मुखाशी गोट्यांचा त्रिकोणी उथळ भाग साचला आहे आणि लाट त्याच्या कडेने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सुबकपणे उलगडत जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आणि रेझिन हाती आले, तेव्हा बॉब सिमन्सने वेगवान नौकांच्या तळाचा अभ्यास फळीला लावला. 1947 मध्ये जो क्विगने डॅरिलिन झॅनक हिच्यासाठी रेडवुड आणि बाल्साची हलकी, सहज वळणारी फळी केली. ती एका तरुणीसाठी होती. पण मालिबूचे पुरुष ती मागून नेऊ लागले, आणि पुढच्या दशकाचा साचा तिच्यातूनच तयार झाला. खेळाच्या इतिहासात या फळीला मिळायला हवा तेवढा मान मिळालेला नाही. 1955 मध्ये डेल वेल्झीने सर्वांत रुंद भाग मध्यापासून मागे सरकवून ‘पिग’ केली. तिचे रुंद बूड संथ लाटेवर चटकन वळे. 1958 च्या सुमारास होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचे ठोकळे ओतण्याची पद्धत बसवली. मालिबूच्या लाटांवर खेळणाऱ्या मुलीची ‘गिजेट’ ही कादंबरी 1957 मध्ये आणि तिच्यावरचा चित्रपट 1959 मध्ये आला. त्यानंतर वाढलेली मागणी बाल्साने कधीच भागली नसती.

1960 च्या दशकात या फळीवरची खरी कला फुलली ती टोकावर चालत जाण्याची. दोन्ही पायांची बोटे पुढच्या कडेवर ठेवून उभे राहणे अशक्य वाटते, पण त्यामागे यंत्रणा आहे. कडा गोल आणि मऊ असल्या की पाणी त्यांना धरून वर चढते, मागच्या भागावरून वाहते आणि शेपूट खाली दाबून ठेवते. टोकाखालची उथळ खोलगट जागा पुढचा भाग उचलून धरते. यासाठी लाट लहान आणि मंद असलेलीच बरी. टॉम मोरीने 1965 मध्ये व्हेंचुरा इथे स्पर्धा भरवली, तिच्यात फळीच्या पुढच्या पाव भागावर किती सेकंद राहता येते तेवढेच मोजले गेले.

हा बहर लगेच ओसरला. 1966 च्या सॅन डिएगो विश्वस्पर्धेत नॅट यंगने ‘मॅजिक सॅम’ या पातळ, जोरकस वळणाऱ्या फळीवर विजय मिळवला, आणि 1970 पर्यंत फळ्या सात फुटांच्या आत आल्या. वळणे अधिक तीव्र झाली, पण लहान लाटेचे दिवस वाया जाऊ लागले. मालिबू, सॅन ओनोफ्रे, वाइकीकी अशा ठिकाणी जुनी फळी कधीच पूर्ण गेली नव्हती. तिथूनच ती परतली. 1986 मध्ये लाँगबोर्डचे व्यावसायिक विश्वविजेतेपद सुरू झाले आणि ते यंगनेच जिंकले. 1990 च्या दशकात जोएल ट्यूडरने साठच्या दशकातल्या एका फिनच्या जड फळ्यांना पुन्हा प्रतिष्ठा दिली.

आज मंद लाटेसाठी फळी निवडताना या सगळ्या टप्प्यांतले निर्णय पुन्हा घ्यावे लागतात. लांबी नऊ ते साडेनऊ फूट, वजनदार स्वारासाठी दहा. रुंदी तेवीस इंचांच्या आसपास. जाडी तीन इंचांच्या जवळपास. तळाचा बाक कमी हवा, कारण वाकलेला तळ पाणी ढकलत बसतो आणि लाट निसटते. शेपूट रुंद, कडा मऊ. टोकावर चालायचे असेल तर एकच मोठी फिन. वळणे घ्यायची असतील तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटी.

शेवटचा प्रश्न वजनाचा. अमेरिकेतल्या बहुसंख्य कारागिरांना फोमचे ठोकळे पुरवणारी क्लार्क यांची कंपनी 5 डिसेंबर 2005 रोजी अचानक बंद झाली, आणि पॉलिस्टायरीन व इपॉक्सीच्या हलक्या फळ्यांचे चलन वाढले. अशी फळी उचलायला सोपी असते आणि लाटेवर पटकन सुरू होते, पण वाऱ्याने खडबडीत झालेल्या पाण्यावर उडते. पॉलियुरेथेनची, जाड फायबरग्लासची फळी सुरू व्हायला वेळ घेते. एकदा चालू लागली की मात्र लाट मध्येच विरते तिथेही स्वतःच्या वजनाने पुढे जाते आणि पुढच्या उताराला लागते.