जत्रेची रात्र आणि सकाळची हजेरी

आज जत्रेविषयी बोलू या. जत्रेतल्या देवाची आणि बैलांची माहिती आपल्याला घरबसल्या मिळते, म्हणून ती आज बाजूला ठेवतो. बोलायचं आहे ते रात्री कनातीच्या आत नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायांविषयी. त्यांचा आवाज आपण सगळ्यांनी अंथरुणावर पडून ऐकलाय. तोंड मात्र फार थोड्या जणींनी पाहिलंय.

जत्रेला तमाशा आला कुठून? तो बाजाराच्या मागोमाग आला. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावची जत्रा भरते. मार्गशीर्ष वद्यात खंडोबाची पालखी निघते आणि माळावर घोडे, उंट, गाढवं, बैल यांचा बाजार उभा राहतो. सोबत शेतीचं प्रदर्शन असतं, कुस्त्या असतात आणि लावणी महोत्सवही असतो. साताऱ्याकडे पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, आटपाडीजवळ खरसुंडीचा खिलार जनावरांचा बाजार, तापीकाठी सारंगखेड्याचा दत्तजयंतीचा घोडेबाजार, या सगळ्यांची रीत साधारण अशीच. जनावर विकायला आलेला माणूस दोन-चार दिवस मुक्काम करतो. खरिपाचा माल घरात आलेला असतो, हातात रोकड असते आणि रात्र मोठी असते. मग फड येणारच. म्हणून तमाशाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि वैशाखात संपतं, म्हणजे ते आपल्या शेतीच्या वेळापत्रकावरच चालतं. पावसाचे चार महिने फडातल्या पुष्कळ बाया मजुरीला जातात, किंवा पुढच्या हंगामाची उचल घेऊन दिवस काढतात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना उचल म्हणजे काय ते सांगायला नको.

आज तमाशा म्हटलं की बाई डोळ्यांपुढे येते. पण जुन्या तमाशात बाई नव्हतीच. पोरगा लुगडं नेसून नाचायचा, त्याला नाच्या म्हणत. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळाबाई फडावर उभी राहिली आणि हे बदललं. तिचा जन्म १८७० चा, महार समाजातला. तमाशाच्या बोर्डावरची पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतात. तिच्याबरोबर होते शाहीर पठ्ठे बापूराव, मूळचे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण शाहीर आणि महार नर्तकी ही जोडी पाहायला मुंबईत गर्दी लोटायची. बापूरावांवर पुस्तकं निघाली, सिनेमाही निघाला. पवळाबाईचं नाव मात्र बहुतेक वेळा त्यांच्या गोष्टीतलं एक पात्र म्हणूनच येतं.

फडाचा क्रम तुम्हाला ठाऊक असेल. आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवतात, आणि त्यांच्या वतीने भांडते ती मावशी. ही मावशी आजही पुरुषच करतो. तरुण बाई दाखवायची तर खरी बाई हवी, आणि वयाची, तोंडाळ, चार गोष्टी सुनावणारी बाई दाखवायची तर पुरुष हवा! आम्हाला याचं हसूही येतं आणि थोडं खटकतंही.

फडाखेरीज दुसरा प्रकार संगीत बारीचा. तिथे वग नाही, फक्त बैठकीचं गाणं आणि अदाकारी. वाईच्या यमुनाबाई वाईकर या परंपरेतल्या. जन्म १९१५ चा, कोल्हाटी समाजातला. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये, शंभरी ओलांडून, त्या गेल्या. या समाजात नाचणाऱ्या मुलीचं लग्न करत नसत आणि तिच्या कमाईवर भावांचे संसार उभे राहत. किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' मध्ये हे सगळं उघड लिहिलं. ते डॉक्टर झाले, आणि आपल्या नावापुढे त्यांनी वडिलांचं नाही, आईचं नाव लावलं.

आता विठाबाई. १९३५ साली पंढरपुरात जन्मलेल्या, भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडातल्या. त्यांची एक गोष्ट गावोगाव सांगतात. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा आल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत बोर्डावर आल्या. ही गोष्ट सांगताना लोक 'काय ती जिद्द' म्हणतात. बाळंतपण झालेल्या आपण बायकांनी ती ऐकली की वेगळाच प्रश्न मनात येतो. त्या रात्री खेळ थांबवा म्हणणारं तिथे कुणीच कसं नव्हतं? विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाले. २००२ साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भागवावं लागलं. आज सरकार तमाशातल्या ज्येष्ठांना जीवनगौरव देतं तो त्यांच्याच नावाने.

तरीही या बाया फक्त सोसणाऱ्या नव्हत्या. विठाबाईंनी स्वतःच्या नावाचा फड चालवला, पुढे त्यांच्या लेकीने, मंगला बनसोडे यांनीही चालवला. कांताबाई सातारकर यांनी तर वगात शिवाजी महाराजांची भूमिका केली आणि ती गाजवली. तमाशाचा मोठा फड म्हणजे शंभराच्या आसपास माणसं, ट्रक, तंबू, वीज, चूल आणि कर्ज. एवढा बारदाना बाईने हाकायचा आणि रात्री पुन्हा स्वतः बोर्डावर उभं राहायचं. आपल्या बचत गटाचा हिशेब लिहिताना आपण किती कुरकुरतो!

सुपारी ठरते ती नारायणगावला. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी चैत्र-वैशाखातल्या यात्रांसाठी तमाशा ठरवायला येतात. वर्षाची खरी कमाई याच दीड-दोन महिन्यांत होते. २०२० साली गुढीपाडवा आला २५ मार्चला, आणि टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. सगळ्या यात्रा बंद झाल्या. पुढच्या वर्षीही तेच. दोन हंगाम बुडाले, कर्जाचं व्याज मात्र चालूच राहिलं. मे २०२१ मध्ये कांताबाई कोरोनानेच गेल्या.

यात्रेत आपल्या वाट्याला तमाशा येतो तो हजेरीचा. रात्रभर फड गाजतो, सकाळी तीच मंडळी पुन्हा गावात येऊन गातात, मग दुपारी कुस्त्या. हजेरीला आपण ओट्यावरून, दाराआडून बघतो. रात्री रंग लावलेली बाई सकाळच्या उन्हात दिसते. डोळ्यांत झोप, पायात चाळ, आणि कधी कडेला बसलेलं तिचं पोर. आपल्यातल्या कितीतरी जणी तिला 'घर मोडणारी' म्हणतात, आणि तिच्यावर पैसे उधळणाऱ्या घरच्या माणसाला काहीच म्हणत नाहीत. हे आम्ही केंद्रातल्या बायकाही म्हणत आलो आहोत.

यात्रेची वर्गणी घरटी असते, म्हणजे आपलीही असते. बैठक पाडव्याच्या आधी होते. यंदा गटातल्या दोघी-तिघींनी तिथे जावं आणि एवढंच विचारावं: फड आपल्या गावात उतरेल तेव्हा त्यातल्या बायांनी आंघोळ कुठे करायची, कपडे कुठे बदलायचे, संडास कोणता वापरायचा, आणि लेकुरवाळी असेल तर तिचं पोर रात्री कुठे झोपेल? शाळेच्या खोल्या सुट्टीच्या दिवशी उघडता येतात. किल्ली कुणाकडे असते ते आपल्याला माहीत आहे.